तिसऱ्या मजल्यावरचा क्लास

दिलसुखनगरला कशाचा क्लास नाही ते सांगा. मेट्रोच्या खांबापासून गल्लीतल्या विजेच्या खांबापर्यंत पाट्याच पाट्या. बँक, रेल्वे, ग्रुप वन, ग्रुप टू, पोलीस सब-इन्स्पेक्टर, जावा, पायथन, स्पोकन इंग्लिश. एकाच इमारतीत खाली झेरॉक्सचं दुकान, मध्ये क्लास, वर हॉस्टेल. पोरानं इथं एकदा बॅग टाकली की नोकरी लागेपर्यंत रस्ता ओलांडायचं कारण नाही. दिलसुख राम पर्शाद नावाच्या जमीनदारानं आपल्या शेतीचे प्लॉट पाडले, म्हणून वस्तीला हे नाव पडलं असं सांगतात. दिल आणि सुख दोन्ही नावातच राहिलं असावं, कारण रस्त्यावर दिसणारा दर दुसरा चेहरा परीक्षेच्या काळजीनं सुकलेला असतो.

एवढ्या सगळ्या पाट्यांत एका विषयाची पाटी मला दिसली नाही. तान्हं मूल कसं सांभाळायचं, याचा क्लास कुठंच नाही. पुढं कळलं की त्याची गरज नसते. तो आपल्या घरी आपणहून भरतो. फी नाही, सुट्टी नाही, वेळापत्रक नाही आणि शिकवणारे सगळे एकदम बोलतात.

आमची लेक तिथल्या एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. जावई तेलुगू, नलगोंड्याकडचे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत त्यांच्यातही आहे आणि आपल्यातही, त्यामुळं भांडणाचा पहिला मुद्दा हातचा गेला. पण सोनोग्राफीत जुळं दिसलं आणि डॉक्टरीणबाईंनी परभणीचा प्रवास साफ मोडीत काढला. लेक माहेरी येईना, तेव्हा माहेरच लेकीकडं निघालं. सहाण, खलबत्ता, शेगडी, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, वावडिंग. परभणीच्या फलाटावर हमाल म्हणाला, "बदली झाली का साहेब?" मी हिला सांगून पाहिलं की ज्या बेगमबाजारातून निम्म्या मराठवाड्याला सुकामेवा जायचा, तो हैदराबादेतच आहे. १९५६ पर्यंत आपण एकाच राज्यात होतो, डिंकाला अजून ते आठवत असेल. ही म्हणाली, "तिथला डिंक तिथल्यांना." आणि शेगडी माझ्या मांडीवर ठेवली.

आता तयारी. मूल जन्माला यायच्या आधी घरात काही आणायचं नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे आपल्याकडं पक्कं. विहीणबाईंकडंही पक्कंच निघालं. जावयांनी मात्र इंटरनेटवरून एक यादी काढली होती. त्यात बाटल्या उकळायचं यंत्र होतं, दुपटं बदलायचं टेबल होतं, खोलीतलं तापमान सांगणारा एक प्लॅस्टिकचा ससा होता. दोन्ही आज्यांनी एका आवाजात नकार दिला. त्या दोघींचं एकमत मी नीट डोळे भरून पाहून घेतलं, कारण पुन्हा योग कधी येईल याचा भरवसा नव्हता.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. हिनं जुन्या सुती लुगड्यांचे चौकोन फाडून गाठोडं बांधून ठेवलं होतं. शिवले असते तर ती तयारी झाली असती; नुसते फाडले म्हणजे आवराआवर. विहीणबाईंच्या ट्रंकेत तसलंच एक गाठोडं निघालं. आणि जावयांनी तो ससा धरून अख्खी यादी विकत घेऊन चैतन्यपुरीला एका मित्राच्या घरी दडवली होती. म्हणजे तयारी सगळ्यांनी केली, कबूल कोणी केली नाही.

पोरी आल्या त्या आठवडे भरायच्या आधीच. दोघी मुली, हुबेहूब एकमेकींसारख्या, वजन दोन-दोन किलोंच्या आसपास. जुळ्यांचं हे असंच असतं, चाळीस आठवडे वाट पाहण्याएवढी जागाच आत नसते. हेलिन नावाच्या एका शास्त्रज्ञानं १८९५ साली हिशेब मांडला होता की सुमारे ८९ बाळंतपणांत एक जुळं होतं. केरळातल्या कोडिन्ही गावात ते इतकं होतं की पत्रकार तिथं जाऊन फोटो काढतात. हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर बसून ज्याला त्याला सांगत होतो. ही म्हणाली, "तुम्ही जरा चहा पिऊन या."

दोघींना काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीतून बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता माणसाच्या उघड्या छातीची ऊब द्यायची. ही कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटाच्या दवाखान्यात १९७८ साली पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं फार, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीला बांधायला सुरुवात केली, आणि ती युक्ती जगभर गेली. आई एक, पोरी दोन. एक आईकडं, एक बापाकडं. बाप जेवायला गेला की कोण? कागदोपत्री निरुपयोगी असा एकच मनुष्य बाकावर शिल्लक होता.

मल्याळी नर्सनं मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले, शर्टाची बटणं सोडायला लावली आणि मागं रेलून बसवलं. मग टोपडं आणि लंगोट एवढ्याच वेशातली एक पोर माझ्या छातीवर उभी ठेवली, तिची मान एका बाजूला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून कापडाची पट्टी आवळून बांधली. "हिलना नहीं," म्हणाली. मी श्वाससुद्धा परवानगीनं घेत होतो. पोरीच्या पाठीवर अजून बारीक लव होती. टाळूवरची कातडी ठोक्यागणिक वरखाली होत होती. काही वेळानं तिनं माझ्या छातीवरच्या पांढऱ्या केसांची एक बट मुठीत धरली आणि असा हिसका दिला की डोळ्यांत पाणी आलं. नर्सला वाटलं, आजोबा गहिवरले. दाराच्या काचेतून हिनं हे सगळं पाहिलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "स्वतःच्या लेकीला कधी घेतलं होतं का असं?" मी म्हणालो, "तेव्हा बोगोटाची बातमी परभणीला पोचली नव्हती."

घरी आल्यावर क्लास खऱ्या अर्थानं सुरू झाला.

पहिला पेपर गणिताचा. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. दोन बाळं म्हणजे सोळा ते चोवीस वेळा. अपुऱ्या दिवसांचं बाळ पिता पिता झोपतं, त्याला तळपायाला टिचक्या मारून जागं करावं लागतं. म्हणजे एका वेळेला अर्धा-पाऊण तास सहज. पुढं ढेकर, पुढं दुपटं, पुढं पुन्हा भूक. समोरच्या हॉस्टेलच्या गॅलरीत आदिलाबादकडचा एक मुलगा रात्री पुस्तक घेऊन बसायचा. घरी मराठी बोलणारा, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा. गल्ली एवढी अरुंद की गॅलरीतून गॅलरीत बोलायला आवाज चढवावा लागत नाही. मी त्याला हा हिशेब घातला. त्यानं वहीत आकडे मांडले आणि मान हलवली. "आजोबा, क्लासमध्ये असतं त्यात नळ दोन आणि टाकी एक. इथं नळ एक, टाक्या दोन, आणि दोन्ही टाक्यांना खालून गळती. हे सुटायचं नाही." डॉक्टरीणबाईंनी ते सोडवलं. दोघींना दोन काखांत धरून एकाच वेळी पाजायचं. त्यासाठी उशा लागल्या सहा, आणि आमच्या लेकीच्या दोन्ही बाजूंना एकेक आजी मदतनीस म्हणून. त्या दोघी तिच्या डोक्यावरून एकमेकींशी वाद घालत.

वाद कशावर नव्हता? आमच्या हिचं म्हणणं खोबरेलानं मालिश, विहीणबाईंचं तिळाच्या तेलानं. हिचं वेखंड सहाणेवर उगाळायचं, त्यांचं वेखंड मनगटाला बांधायचं. बाळंतिणीच्या पानात आमच्याकडून डिंकाचा लाडू आणि खसखशीची खीर, त्यांच्याकडून लसणाची चटणी आणि गरम भात. दही दोघींनाही वर्ज्य आणि कानाला कापूस दोघींनाही मान्य, पण कापूस कोणी लावायचा यावर चर्चा. सगळा कारभार दखनी हिंदीत. ही म्हणायची, "विहीणबाई, तुमको क्या मालूम, बच्चीके पोटमे वारा धरता." त्या म्हणायच्या, "वदिनगारू, ठंडी चीज नक्को बोले तो नक्को." दोघी एकमेकींना इतक्या अदबीनं दुखवत की तेवढ्यावर एक वेगळा क्लास निघावा.

डॉक्टरीणबाईंनी या सगळ्यावर एकच कागद दिला होता. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही. पाणीसुद्धा नाही. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत मधातल्या जंतूंचं विष बाळाला भोवू शकतं. डोळ्यांत काजळ नाही, त्यात शिसं असू शकतं. धुरी नाही. बाळाला पाठीवर झोपवायचं, अंथरुणात उशा-गाद्यांची आरास नाही. कागद वाचून झाल्यावर हिनं सहाणेकडं पाहिलं, विहीणबाईंनी धुपाटण्याकडं पाहिलं. मी परभणीपासून मांडीवर आणलेल्या शेगडीकडं पाहिलं. पुढं ती शेगडी गॅलरीत गेली आणि तिच्यात जावयांनी कोथिंबीर लावली.

बाळगुटीचं हिनं इतक्या सहजी सोडलं नाही. रोज सकाळी ती जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, ज्येष्ठमध यांचे ठरलेले वेढे उगाळायची, वाटीत घ्यायची आणि मग आठवण झाल्यासारखं करून मला द्यायची. माझं पोट त्या काळात उत्तम होतं.

इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टननं १८७५ साली जुळ्यांवर एक लेख लिहिला. जुळी तपासली म्हणजे माणसात जन्माचं किती आणि वाढवण्याचं किती हे कळेल, हा त्याचा मुद्दा. तो लेख न वाचता या दोघी बायकांनी तोच प्रयोग आमच्या हॉलमध्ये मांडला. ठरलं असं की थोरलीला खोबरेल, धाकटीला तिळाचं, आणि महिन्यानं कोणाचं अंग भरतं ते बघायचं. थोरली म्हणजे दोन मिनिटांनी थोरली. तेवढ्या ज्येष्ठतेवर नातेवाईक तिला "समजूतदार दिसते हं" म्हणायला लागले होते. धाकटी "हट्टी". दोघींचं वय तेव्हा आठवड्यांत मोजायचं होतं आणि दोघी एकाच सुरात रडत होत्या.

प्रयोगाला अडचण एकच, थोरली कोणती? दवाखान्याचे पट्टे मनगटावरून सुटले होते. तीट गालाला लावली की मालिश करणारी अम्मा ती तेलाबरोबर पुसून टाकायची, म्हणून विहीणबाईंनी ती तळपायाला लावायची ठरवली; एकीला उजव्या, एकीला डाव्या. रात्री दोनला उजवा कोणाचा, तिचा की बघणाऱ्याचा, यावर जावई आणि लेक यांच्यात बोलणं झालं. मग थोरलीच्या अंगठ्याला नेलपॉलिश लावलं. ते टिकलं. पण एका रविवारी जावयांची बहीण भाच्यांना बघायला आली आणि कौतुकानं दोघींची वीसच्या वीस बोटं रंगवून गेली.

कथासरित्सागरात लव-कुशांची एक गोष्ट आहे. सीता एकदा लवाला बरोबर घेऊन गेली, वाल्मीकींना पोर जागेवर दिसेना. सीता आल्यावर काय सांगायचं, या धास्तीनं त्यांनी दर्भाचं दुसरं पोर केलं, तोच कुश. मला ही गोष्ट पूर्वी चमत्काराची वाटायची. आता वाटतं, झोप न झालेल्या माणसाची आहे. एवढा त्रिकालज्ञ ऋषी, पण घरात एक आहे की दोन याची खातरी करायला आसपास कोणी नव्हतं.

आमच्याकडं खातरी करायला माणसं फार होती. जावयांनी भिंतीवर एक वही टांगली. दोन रकाने, वेळ, किती प्यायली, शू, शी. दिवसा वही सुरेख चालायची. रात्री जो उठेल तो अर्ध्या डोळ्यांनी लिहायचा. एकदा सकाळी वहीप्रमाणं थोरली पहाटे तीन वेळा प्यायली होती आणि धाकटीनं उपास केला होता. प्रत्यक्षात दोघी तृप्त झोपल्या होत्या आणि उपास लेकीला घडला होता. महिन्यानं वजनं केली. एक पोर जरा भरलेली निघाली. कोणाच्या तेलाची, यावर दोघी आज्यांनी एकाच वेळी "आमच्या" म्हटलं. गाल्टनचं काय चुकलं असेल ते मला तेव्हा कळलं. त्याच्या प्रयोगात आज्या नव्हत्या.

पावसाळा लागला तशी लंगोटांची चिंता आली. डायपर होतेच, पण दिवसा सुती, रात्री डायपर असा तह झाला होता. या भागात येतं ते नागार्जुनसागराकडून आलेलं कृष्णेचं पाणी, आणि नळ एक दिवसाआड. मी हिला म्हणालो, ही कृष्णा म्हणजे महाबळेश्वरची, आपलीच. ही दोऱ्यांवरचे लंगोट चाचपत म्हणाली, "तरीच. महाबळेश्वरासारखेच वाळत नाहीत." आमच्या गॅलरीत लंगोटांच्या रांगा, समोर हॉस्टेलच्या जीन्सच्या पँटी. पाऊस आला की दोन्हीकडून एकदम धावाधाव व्हायची.

गुरुवारी ही साईबाबांच्या मंदिरात जायची. दिलसुखनगरचं ते मंदिर मोठं, गुरुवारची गर्दी मोठी. पाथरी आमच्या परभणी जिल्ह्यातली, बाबांचा जन्म तिथला असं आमच्याकडं मानतात. २०२० साली त्यावरून शिर्डीकरांनी बंद पाळला होता. ही त्या रांगेत माहेरच्या माणसाला भेटायला आल्यासारखी उभी राहायची, आणि तिथल्या बायकांकडून ताजा सल्ला घेऊन यायची. एकीनं सांगितलं, जुळ्यांतली एक आजारी पडली की दुसरी पडतेच. एकीनं सांगितलं, दोघींना एका वेळी आरशात दाखवू नका. जावयांनी शांतपणे विचारलं, "अत्तम्मा, एकमेकींकडं बघू द्यायचं का?"

बारशाचं आमचं बाराव्या दिवशी असतं, पण बाराव्या दिवशी पोरी पेटीत होत्या. म्हणून तेलुगू रीतीनं एकविसावा दिवस धरला. विहीणबाईंनी मोठ्या मनानं म्हटलं, दिवस आमचा, पद्धत दोन्हीकडची. पाळणा एक, कारण छताला हूक एक. जावयांनी दोन ताटांत तांदूळ पसरून बोटानं दोन नावं लिहिली. मग आमच्या पद्धतीनं बायकांनी पाळण्याच्या वरून खालून बाळ एकमेकींकडं द्यायला सुरुवात केली. एक बाळ वरून, दुसरं खालून, कचेगुड्याच्या दोन मावश्या, नलगोंड्याच्या तीन. आत्याबाई नाव सांगायला वाकल्या. एकीच्या कानात सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले, हसून झालं. दुसरीच्या कानात सांगायला वळल्या तेव्हा पोरी पुन्हा हातोहात फिरल्या होत्या. थोडा वेळ सगळ्या गप्प. शेवटी आत्यानं दोघींच्याही कानांत दोन्ही नावं सांगून टाकली. घुगऱ्या वाटल्या. पोरी मोठ्या होऊन आपसात ठरवतील.

हॉस्टेलची पोरं या सगळ्याबद्दल तक्रार करतील अशी मला धाकधूक होती. रात्री दोनला, मग तीनला, मग साडेचारला दोन गळे लागायचे. मी आदिलाबादकराला विचारलं, त्रास होतो का? म्हणाला, "उलट बरं आहे. आम्ही सगळ्यांनी अलार्म बंद केलेत. धाकटी रडली की करंट अफेअर्स, थोरली रडली की रीझनिंग." मी विचारलं, तुला आवाजावरून कोण ते कळतं? "हो, कळतं की." दिलसुखनगरात दोघींना ओळखणारा हा पहिला माणूस. त्याला मी घरी बोलावलं, थोरलीच्या हातात काळा दोरा बांधून घेतला आणि हिनं त्याच्या डब्यात चार डिंकाचे लाडू घातले. प्रीलिमचा निकाल लागला तेव्हा तो पेढे घेऊन आला. मेन्स बाकी होती, तेव्हा पोरींनी इतक्यात रात्रभर झोपायला लागू नये असं त्याचं म्हणणं होतं.

आता दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंना दिवस गेल्याची बातमी आली आहे. कळल्या संध्याकाळीच आमच्या हिनं खोबरेलाची बाटली घेतली, विहीणबाईंनी तिळाच्या तेलाची. भिंतीवरची वही काढून घेतली. जावई म्हणाले, "अत्तम्मा, अजून तिसरा महिना आहे. आणि त्यांना एकच आहे."

"एकच?" ही विहीणबाईंकडं बघून म्हणाली. दोघी हसल्या. "मग काय, ते तर एका हातानं होतं."

दार ओढून दोघी खाली गेल्या. माझ्या दोन्ही हातांत दोन पोरी होत्या, आणि दूध उतू जात होतं.